इंजिनाला ढेकर येईपर्यंत

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मी ‘विमानात होते’ हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण विमानात म्हणजे नक्की कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची ठाम समजूत आहे की मी हवाई सुंदरी होते. माझ्याकडे पाहून ही समजूत टिकवताना त्यांना बरेच कष्ट पडत असणार. त्यांच्या नातीच्या वाढदिवसाला मी ट्रे घेऊन सरबत वाटत होते, तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, “बघा, हात अजून किती स्थिर आहे हिचा.” हात स्थिर आहे हे खरंच आहे. फक्त तो सरबत वाटून झालेला नाही, इंजिनातलं तेल मोजून झालाय.

मी लहान विमानांच्या देखभालीची इंजिनिअर. दोन नाहीतर चार माणसं बसतील एवढी विमानं, शिकाऊ वैमानिक ज्यांवर हात बसवतात तसली. ती उडण्याआधी त्यांच्या कागदावर ‘उडण्यास योग्य’ अशी एक सही लागते. ती सही मी जन्मभर केली. सही करायची, विमान वर जायचं, आणि ते परत दिसेपर्यंत मी शेडच्या दारात चहाचा कप घेऊन उभी राहायची. इतक्या वर्षांत तो चहा मी गरम कधी प्यायले नाही.

आता तेलाचं सांगते, कारण थरारक अनुभव हवे असतील तर ते वैमानिकांकडे असतात. माझ्याकडे तेल आहे. विमानाचं लहान इंजिन म्हणजे आपल्या गाडीच्या इंजिनाचं चुलत भावंड. पोटात तेल असतं. ते कमी पडलं की लोखंडावर लोखंड घासतं. गाडी असेल तर आपण ती रस्त्याच्या कडेला घेतो, कपाळावर हात मारतो आणि मेकॅनिकला फोन लावतो. वर कडेला घ्यायची सोय नाही. म्हणून उडण्याआधी दर वेळी तेल बघायचं. डिपस्टिक, म्हणजे तेल मापायची खुणांची पट्टी, ओढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवायची, बाहेर काढून वाचायची. एवढंच काम, पण या एवढ्याशा कामात शिकलेली माणसं किती परीनं चुकू शकतात, ते पाहण्यात माझी नोकरी गेली.

एक निवृत्त कॅप्टनसाहेब आमच्याकडे हौसेनं उडायला येत. विमान टेकवलं रे टेकवलं की खाली उतरून पहिली डिपस्टिक ओढायचे. इंजिन नुकतंच बंद झालेलं असतं, तेल अजून वर सांदीकोपऱ्यात असतं, ते ओघळून तळाशी यायला थोडा वेळ द्यावा लागतो. साहेबांना तेवढा धीर नसे. पट्टीवर तेल कमी दिसायचं, मग ते भरभरून ओतायचे. दुसऱ्या दिवशी विमान वरून आलं की पोट तेलानं माखलेलं. साहेब मला म्हणाले, “मॅडम, तुमचं इंजिन तेल पितं.”

“नाही साहेब,” मी म्हटलं, “तुम्ही पाजता.”

आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्याला ‘पुरे’ हा शब्द ऐकूच येत नाही. इंजिनाला मात्र आग्रह चालत नाही. जास्त झालेलं ते सरळ बाहेर टाकतं, तेही चारचौघांत. कॅप्टनसाहेबांना हे पटायला एक अख्खा हिवाळा गेला, आणि पटल्यावर त्यांनी ते मलाच नव्यानं समजावून सांगितलं.

पण डिपस्टिकचा खरा प्रताप पाहिला तो खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची पूजा. आमच्या शेडमध्ये पाने, हातोड्या, जॅक सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. पूजेचं खातं सदाशिवकडे. सदाशिव आमचा जुना मेकॅनिक, अत्यंत भाविक. त्या वर्षी त्याच्या मनात आलं की पाने-हातोड्या तर दरवर्षीच पुजतो, पण रोज ज्या हातात घेतो त्या डिपस्टिका मात्र तशाच राहतात. त्यानं सगळ्या विमानांच्या डिपस्टिका ओढल्या, लख्ख पुसल्या, पाटावर ओळीनं मांडल्या, मुठींना हळदकुंकू लावलं, वर झेंडूची फुलं वाहिली. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला. मीसुद्धा केला. आरती झाली, पेढे वाटले आणि सदाशिवनं डिपस्टिका परत विमानांत घातल्या. ज्याची त्यालाच गेली की नाही, हे कुणी विचारलं नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे दोन जातींची विमानं होती. एकाचं तिसरं चाक नाकाखाली, म्हणून ते जमिनीवर सपाट उभं राहायचं. दुसऱ्याचं तिसरं चाक शेपटीखाली, म्हणून ते उभं असताना नाक वर करून बसायचं. इंजिन दोघांत एकच. पण तिरकं बसलेल्या भांड्यात तेल एका अंगाला सरकतं, म्हणून त्याच्या डिपस्टिकवरच्या खुणा वेगळ्या असतात. दिसायला पट्ट्या जुळ्या बहिणी, आणि आकडे घासून गेलेले.

दसरा झाल्यावर कामावर येऊन बघते तर पट्ट्यांच्या हिशेबानं एक विमान तेलानं तुडुंब आणि शेजारचं कोरडं. आदल्या आठवड्यात दोन्ही ठीक होती. आमचे प्रमुख कानिटकर साहेब आले, पट्टीची मूठ बघितली आणि विचारलं, “हे लाल काय आहे?”

“कुंकू, साहेब,” सदाशिव म्हणाला. “पण मी फक्त मुठीला लावलं. आत नाही लावलं.”

कानिटकर साहेबांनी बोटाला लागलेलं कुंकू फडक्याला पुसलं. नंतर एवढंच म्हणाले, “आता सगळ्या परत मापून घ्या.”

यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. नाव भारी असलं तरी काम स्वयंपाकघरातलं आहे. इंजिनातलं सगळं तेल काढायचं. विमान जसं उभं राहतं तसंच उभं ठेवायचं. मग मापानं मोजून तेल ओतायचं, ते बसू द्यायचं, पट्टी बुडवायची आणि तेल जिथं लागलं तिथं कानशीनं खूण करायची. पुन्हा एक माप, पुन्हा खूण. भातात पाणी किती, ते ठरवायला आई पातेल्यात बोटाच्या पेरानं मापायची, तसलाच हा प्रकार. फक्त इथं भात करपला तर माणसं पडतात. ते काम संपेपर्यंत शेडमधलं कुणी वेळेवर घरी गेलं नाही. त्यानंतर प्रत्येक मुठीला विमानाचा क्रमांक कोरला. सदाशिव पुढची कित्येक वर्षं पूजेच्या दिवशी डिपस्टिकांकडे लांबूनच हात जोडायचा. मीही तेव्हापासून एक नियम केला, तेलाच्या झाकणाजवळ देवधर्म नको. आणि निवृत्तीनंतर नेमका तोच माझ्या वाट्याला आला.

निवृत्त झाले तरी माझं लायसन्स चालू होतं. एक दिवस मला काशिनाथशेठचा फोन आला. मोहन्याच्या पलीकडे आत गेलं की त्यांचं गाव. पिढ्यान्‌पिढ्यांची भातशेती, तीतून मोठा रस्ता गेला आणि घर एकदम शेठ झालं. अशा घरांतून आधी मोठ्या गाड्या येतात, त्यावर मोठे फोटो येतात. काशिनाथशेठनी मात्र साठीच्या उंबरठ्यावर विमान चालवायला शिकून रीतसर परवाना काढला, दोन माणसांचं एक हलकं विमान घेतलं आणि उरलेल्या जमिनीवर धावपट्टी केली. सरकारी परवानग्यांचं मी सांगत नाही. त्यावर वेगळा अंक काढावा लागेल. विमानाची निगा राखायला त्यांना परवानाधारक माणूस हवा होता. मी दर बुधवारी कल्याणला उतरून रिक्षानं तिकडे जाऊ लागले.

काशिनाथशेठ विमानाच्या पंख्यावरून हात फिरवत मला पहिल्याच दिवशी म्हणाले, “मॅडम, जमीन बापजाद्यांची. पैसा रस्त्याचा. हा परवाना तेवढा माझा हाय. परीक्षा देऊन घेतलाय.” हा माणूस मला तिथंच आवडला.

त्यांची बायको गुलाबताई. कमी बोलणारी, जेवायला वाढताना मात्र कुणाचं न ऐकणारी बाई. मी लहानपणी ठाण्याला कोपरीत वाढले हे कळल्यावर त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. “कोपरीच्या? माझं म्हायेर कोपरी. माझा बाप मिठागरावर होता.” त्या दिवसापासून मी त्यांची ‘ताय’ झाले, आणि माझ्या ताटातली भाकरी संपायची बंद झाली. जेवताना त्या विमानाची चौकशी करायच्या. त्याला पेट्रोल किती लागतं, पाणी लागतं का, तेल कुठलं लागतं. मला बरं वाटायचं. माझ्या घरात इतक्या वर्षांत कुणी मला तेल कुठलं, म्हणून विचारलं नव्हतं. मी अगदी सविस्तर सांगितलं, की या इंजिनाला मोटरसायकलचं चांगल्यातलं तेल लागतं, कल्याणला स्पेअर पार्टच्या दुकानातसुद्धा मिळतं. डबा कुठल्या रंगाचा, तेही सांगितलं.

शेठच्या मनात एकच होतं. दसऱ्याला गावाची शीव ओलांडायची, आपलं सीमोल्लंघन, ते या वर्षी विमानातून करायचं आणि शेजारी गुलाबताईंना बसवायचं. त्यांनी तिला विचारलं तेव्हा ती ‘बघू’ म्हणाली. शेठनी मला समजावून सांगितलं की तिच्या ‘बघू’चा अर्थ ‘हो’ होतो. लग्नालाही ती ‘बघू’च म्हणाली होती.

पावसाळ्यात उडणं बंद. विमान शेडमध्ये उभं. मी बुधवारी जायची, इंजिन जमिनीवरच थोडं चालवायची आणि तेल बघायची. या इंजिनाची एक गंमत आहे. त्याचं तेल पोटात नसतं, शेजारी वेगळ्या टाकीत असतं. उभ्या इंजिनातलं तेल इकडेतिकडे अडकून राहतं, त्यामुळे तसंच मापलं तर माप खोटं येतं. म्हणून आधी स्विच बंद, किल्ली आपल्या खिशात, आणि मग पुढचा पंखा हातानं सावकाश फिरवायचा, त्याच्या नेहमीच्याच दिशेनं. फिरवत राहिलं की आतलं तेल ढकललं जाऊन टाकीत येतं, त्यामागून हवा येते, आणि टाकीतून घळघळ असा मोठ्ठा आवाज निघतो. ढेकरच. पुस्तकातसुद्धा त्याला जवळजवळ तसंच म्हणतात. ढेकर आली की मगच डिपस्टिक ओढायची.

श्रावणात एका बुधवारी तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. पुढच्या बुधवारी किंचित वर दिसलं. मी चष्मा पुसला. त्याच्या पुढच्या बुधवारी ते वरच्या खुणेला टेकलं. आणि मग खूण ओलांडून वर गेलं.

इंजिन तेल पितं, सांडतं, जाळतं, हे मी आयुष्यभर पाहिलं. शेडमध्ये उभ्या-उभ्या तेल वाढवणारं इंजिन मी पहिल्यांदाच पाहत होते. ऐकणाऱ्याला वाटेल, बरंच झालं की. पण तेल कमी होण्यापेक्षा वाढणं वाईट, कारण वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय. पेट्रोलची टाकी वर पंखात, इंजिन खाली. मधला पंप गळत असेल तर पेट्रोल झिरपून तेलात येतं, तेल पातळ होतं आणि वर गेल्यावर दगा देतं. मी तेल हुंगलं, बोटांवर चोळलं, कागदावर थेंब टाकून पाहिला. पेट्रोल नाही. तरी पंप बदलला. इंजिन पाण्यानं थंड होणारं, म्हणून पाणी मिसळतंय का पाहिलं. तेल दुधाळ झालं असतं, पण ते लखलखीत होतं. शेवटी डिपस्टिकवरच संशय घेतला. पाणसळ लावून विमान समपातळीत आणलं, सगळं तेल काढलं, मापानं ओतत गेले. प्रत्येक खूण जिथल्या तिथं. मग योग्य तेवढंच तेल ठेवून घरी आले. पुढच्या बुधवारी पाहते तर परत वर.

काशिनाथशेठ डिपस्टिककडे बघत म्हणाले, “आमची म्हस पन एवढी दुभती नव्हती.”

मला हसू आलं नाही. “शेठ,” मी म्हटलं, “कारण सापडेपर्यंत माझी सही नाही.”

“दसरा आला मॅडम.”

“येऊ दे.”

ते शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. माझ्याकडे पाठ करून बोलले. “गावाला सांगून बसलोय, त्याचा काय नाय. लोकं दोन दिस हसतील. पन तिचा तसा नाय. आता नाय उडला तर ती म्हनल, देवालाच नको हाय. मंग ती जन्मात बसनार नाय.”

मी जन्मभर वैमानिकांच्या शिव्या खाऊन सही अडवली आहे, कुणाला घाबरले नाही. पण ती पाठमोरी आकृती बघून मला फार वाईट वाटलं. घरी येऊन जेवले नाही. त्या इंजिनानं माझी अक्कल काढली होती, आणि एका भल्या माणसाची हौस माझ्या सहीपाशी येऊन अडली होती.

पुढच्या बुधवारी माझी दाढ काढली. गाल सुजून टोमॅटो झाला, म्हणून त्या आठवड्यात मी तिकडे गेले ती शनिवारी, न कळवता. शेडचं दार अर्धवट उघडं होतं. आत गुलाबताई स्टुलावर उभ्या. डोक्यावरून पदर, हातात स्टीलचा छोटा तेलाचा गडू, देवळात मारुतीला घेऊन जातात तसला. इंजिनाच्या झाकणाची खिडकी उघडलेली. तोंडानं काहीतरी पुटपुटत त्या टाकीत बारीक धारेनं तेल सोडत होत्या. संपल्यावर झाकण घट्ट लावलं, पदरानं पुसलं आणि इंजिनाला हात जोडले.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण गालानं साथ दिली नाही. नुसता ‘आँ’ असा आवाज निघाला. त्या दचकल्या, आणि स्टुलावरच बसल्या.

बोलता येत नव्हतं म्हणून मला ऐकून घ्यावं लागलं. माझ्या कारकिर्दीत असं क्वचितच घडलं असेल.

“श्रावणातल्या पयल्या शनवारपासून घालते, ताय,” त्या म्हणाल्या. “मारुतीला घालून येते, मंग तेवढाच ह्याला. दोघांचाबी उडायचाच धंदा. एकाला द्यायचा न दुसऱ्याला नाय, ता बरा दिसत नाय. तेल तुमी सांगितलंत तोच आनलाय, कल्यानवरून. देवाचा नाय घातला.”

मी भिंतीला टेकून खाली बसले. गंध बरोबर, रंग बरोबर, सगळं बरोबर असणारच होतं. डब्याचा रंगसुद्धा मीच सांगितला होता.

“बसायला घाबरता?” मी कसंबसं विचारलं.

“मी बसायला नाय घाबरत. ह्ये एकटं वर जातान, तवा घाबरते. ह्यांना नको बोलाया गेलं तर तोंड बारीक करतान. एवढ्या वर्षांनी मानूस काय तरी शिकला, त्याला नको कसा बोलायचा? मंग मी माझ्या हातात हाय तेवढा करते.”

गाल दुखत होता तरी मी सांगितलं. तेल जास्त झालं तर टाकीच्या नळीतून बाहेर येतं, तापलेल्या नळकांड्यावर पडतं, धूर होतो. वैमानिक घाबरतो, आणि घाबरलेला वैमानिक चुका करतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला. “म्हंजे मीच ह्यांना...” एवढंच म्हणून त्या थांबल्या. मी त्यांचा हात धरला. तोही चांगला स्थिर होता. म्हटलं, “तेल घालायचं नाही. तेल बघायचं. चला, उतरा.”

आधी त्यांनी ओतलेलं तेल काढलं. मग त्यांना पंख्यापाशी नेलं, किल्ली माझ्या पर्समध्ये असल्याची खात्री त्यांच्याकडूनच करून घेतली आणि सांगितलं की घळघळ आवाज येईपर्यंत हा सावकाश फिरवायचा. हे शिकाऊ इंजिनिअरांना समजवायला मी फळ्यावर आकृत्या काढत असे. गुलाबताईंनी दोनदा पंखा फिरवला आणि म्हणाल्या, “तान्ह्याला दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन पाठ थोपटतो, ताच ना? ढेकर आल्याबिगर खाली ठेवायचा नाय.” मी मनातल्या मनात माझ्या सगळ्या आकृत्या पुसून टाकल्या.

शेठना मी खरं ते सांगितलं, अर्धं. की तेल जास्त भरलं जात होतं, आता भरलं जाणार नाही, आणि तेलाच्या तपासणीवर मी माझ्यासोबत एक माणूस नेमलंय. माणूस कोण ते कळल्यावर त्यांनी जास्त विचारलं नाही. संसारात कुठं थांबायचं ते त्यांना कळत असावं.

दसऱ्याच्या दिवशी धावपट्टीच्या दोरीपलीकडे सगळा गाव. विमानाला झेंडूचं तोरण. ते उडण्याआधी काढायचं, हे मी तीनतीनदा बजावलेलं. गुरुजी आले, पूजा झाली. मग मला दोरीपाशी बायकांची रांग दिसली. प्रत्येकीच्या हातात वाटी, बाटली, गडू. गुलाबताईंच्या शनिवारच्या नेमाची कुणकुण गावातल्या बायकांना माझ्या आधी लागलेली होती, आणि शेठसाठी प्रत्येकीनं थोडंथोडं तेल आणलं होतं. काहींनी खोबरेल आणलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे सदाशिवचा पाट आला.

मी पुढे होणार तेवढ्यात गुलाबताई दोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. “तेल मारुतीला,” त्या म्हणाल्या. “हितं नाय. ह्याला जास्ती झाला तर सोसत नाय.”

“थोडासाच गो,” एक म्हातारी म्हणाली.

“थोडासाबी नाय.”

रांग कुरकुरत देवळाकडे वळली. मारुतीला त्या दिवशी जे स्नान घडलं ते पुजाऱ्याला अजून आठवतं म्हणतात.

शेठ आत जाऊन बसले होते. किल्ली माझ्याकडे. गुलाबताईंनी पदर खोचला आणि पंखा फिरवायला घेतला. फिरवतायत, फिरवतायत. गुरुजी घड्याळ दाखवायला लागले.

“अगो, मुहूर्त चाल्लाय,” शेठ आतून म्हणाले.

“ढेकर नाय आली.”

“आली की. मी ऐकली.”

“ती तुमची होती,” गुलाबताई पंखा न थांबवता म्हणाल्या. सकाळी घरात मटण वड्यांचा बेत होता. गाव दोरीला धरून हसला, गुरुजी हसले, शेठ हसले. त्या हसल्या नाहीत. कान टाकीकडे लावून फिरवत राहिल्या, आणि मग ती आली. घळघळ घळघळ, अगदी पोटभर. त्यांनी डिपस्टिक ओढली, पुसली, बुडवली, उन्हात धरून माझ्यापुढे केली. बरोबर मधोमध. मी कागद काढून सही केली.

“आता तरी ये,” शेठनी शेजारच्या सीटवर हात ठेवला.

गुलाबताई जागच्या हलल्या नाहीत. “मी पन वर गेले तर खाली कोन थांबल?” त्यांनी मला विचारलं, अगदी हळू. “खाली कुनी थांबला तर वरचा परत येतो, ताय.”

यावर इंजिनिअर म्हणून माझ्याकडे बरीच उत्तरं होती. त्यातलं एकही मला त्या क्षणी द्यावंसं वाटलं नाही. “मी थांबते,” मी म्हटलं. “मला सवय आहे.”

त्या मग बसल्या. मी पट्टे बांधून दिले, तोरण काढलं, किल्ली शेठच्या हातात दिली. विमान धावलं, उठलं, शिवेवरच्या चिंचेवरून गेलं आणि टेकडीमागे दिसेनासं झालं. कुणीतरी माझ्या हातात चहा दिला. गाव ओरडत होता, ताशे वाजत होते, आणि मी नेहमीसारखी आकाशाच्या एका तुकड्याकडे बघत उभी होते. चहा निवला. मग टेकडीच्या दुसऱ्या अंगानं ते परत आलं, डावीकडे जरा कलतं, आणि शेठनी ते असं टेकवलं की तसं मी कॅप्टनसाहेबांनासुद्धा कधी टेकवताना पाहिलं नव्हतं.

गुलाबताई उतरल्या. बायका त्यांच्याकडे धावल्या. काय दिसलं, कसं वाटलं, नदी दिसली का, आपलं घर दिसलं का. शेठ उत्साहानं उतरून थेट डिपस्टिकला हात घालायला गेले, तर गुलाबताईंनी वरच्यावर तो हात धरला. “गरम हाय. आता नाय बघायचा.” मग त्या माझ्यापाशी आल्या. माझ्या कपात बघितलं. भरलेला, वर साय धरलेली.

“आमी वर होतो तवर तुमी प्यायल्या नाय?”

“नाही.”

“रोज असाच?”

“रोज.”

“मंग इतकी वर्षं तुमी काय घालायच्या, ताय? मी तेल घालायची. तुमी?”

“सही,” मी म्हटलं.

त्यांनी यावर नीट विचार केला. “पोचते ती?”

“आजवर तरी पोचलीय.”